वाय-फाय जाळ्यांतील जोडणीदोष व त्यांचा शोध

लॅपटॉपसारखे सुवाह्य संगणक रेडिओ तरंगांच्या द्वारा एकमेकांशी व इंटरनेटशी जोडणाऱ्या स्थानिक व्यवस्थेस वाय-फाय जाळे म्हणतात. महाविद्यालय, रुग्णालय, शासकीय कचेरी किंवा रेल्वेस्थानक येथील मोठ्या जाळ्यात अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच नावाने काम करतात आणि त्यांपैकी बहुतेक २·४ व ५ गिगॅहर्ट्‌झ अशा दोन कंप्रता-पट्ट्यांत प्रक्षेपण करतात. अशा जाळ्यास द्विपट्ट जाळे म्हणतात. लॅपटॉप जाळ्यास न जोडला जाणे, जोडला जाऊन वारंवार तुटणे आणि जोडलेला दिसत असूनही इंटरनेट न चालणे या तिन्ही गोष्टी वापरणाऱ्याच्या तोंडी ‘नेट लागत नाही’ अशा एकाच तक्रारीच्या रूपाने येतात. तक्रार एक व कारणे अनेक, अशी स्थिती असल्यामुळे दोषशोध हे या तंत्राचे आरंभापासूनच एक कठीण अंग ठरले. त्याची साधने विद्यापीठांतून व महानगरांतून घडली. चुकीच्या निदानाची झळ मात्र मुख्य जाळ्याच्या टोकाशी असलेल्या गावांना अधिक बसते. विदर्भातील अचलपूर व त्याच्या उत्तरेचा मेळघाट हा प्रदेश या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

वऱ्हाडच्या इमादशाहीची एके काळची राजधानी असलेले अचलपूर (जुन्या कागदपत्रांतील एलिचपूर) गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. शहराच्या दक्षिणेस पयानघाटाचा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश पसरला आहे. उत्तरेस सातपुड्याची चढण सुरू होते आणि परतवाडा या जोडशहरातून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या जंगलात शिरतो. रेडिओ तरंगांच्या दृष्टीने या दोन बाजूंच्या अडचणी भिन्न आहेत. सपाटीवर अंतर व पृथ्वीची वक्रता आड येते, तर डोंगरात प्रत्यक्ष खडक व झाडी. हा प्रश्न या भूमीला अगदीच नवा नाही. विल्यम लॅम्टन व त्यांच्या निधनानंतर (१८२३) जॉर्ज एव्हरेस्ट यांनी केलेले याम्योत्तर कमानीचे मापन वऱ्हाडातूनच गेले आणि एलिचपूर प्रांतातील टाकलखेडा हे त्यातील एक महत्त्वाचे ठाणे होते. एका ठाण्यावरून दुसरे दिसल्यावाचून ते मापन पुढे सरकत नसे. दिवसा धुरकट हवेत न दिसणारी ठाणी रात्री दिवे लावून, वातावरणीय प्रणमनाचा फायदा घेऊन पाहण्याची पद्धत एव्हरेस्ट यांनी अवलंबिली. दृष्टिरेषेची हीच अट आज दोन मनोऱ्यांमधील बिनतारी दुव्याला लागू पडते. सपाटीवरील ५० किमी. लांबीच्या दुव्यात केवळ वक्रतेमुळे मध्यभागी सु. ३७ मी. उंचीचा ‘फुगवटा’ आड येतो (वातावरणीय प्रणमन हिशोबात धरूनही). शिवाय २·४ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगांना दृष्टिरेषेभोवती सु. ४० मी. त्रिज्येचा मोकळा प्रदेश लागतो.

तारेकडून हवेकडे : तारायंत्राच्या काळात दोषशोध हे मापनाचे शास्त्र होते. भारतात विल्यम ओशॉनेसी यांनी १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार सुरू केली. पुढे तार तुटली किंवा जमिनीला लागली, तर कचेरीत बसून तिचा विद्युत् रोध मोजावयाचा व त्यावरून दोष किती मैलांवर आहे ते काढावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. मरे व व्हार्ली यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चाचण्या याच प्रकारच्या होत. तारेतील दोषाला ठिकाण असे आणि ते सापडले की दुरुस्ती करणारा माणूस तेथे पाठविता येई. बिनतारी संगणक-जाळ्यात ही सोय राहिली नाही. हवा सर्वांची सामाईक असल्यामुळे एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचे बोलणे बिघडते आणि बिघाडानंतर तेथे पाहण्यासारखे काही उरत नाही.

याचा पहिला अनुभव हवाई विद्यापीठात आला. तेथे नॉर्मन अब्रॅमसन (१९३२–२०२०) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटांवरील संगणक-टर्मिनले रेडिओने मध्यवर्ती संगणकास जोडली. ‘अलोहा’ नावाच्या या जाळ्यात प्रत्येक टर्मिनल मनास येईल तेव्हा संदेश पाठवी. दोन संदेश आदळले, तर दोन्ही वाया जात व पुन्हा पाठवावे लागत. गणिताने असे दिसून आले की, या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८·४ टक्के भागच उपयोगी पडतो. त्यापलीकडे गर्दी वाढली की उपयोगी वाहतूक वाढण्याऐवजी घटते. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी महाविद्यालयाचे वाय-फाय का कोलमडते, याचे मूळ उत्तर या जुन्या गणितातच आहे. नंतरच्या प्रणालींनी बोलण्याआधी ऐकण्याची शिस्त आणून ही मर्यादा बरीच वर नेली, एवढेच. पुढे १९७५ मध्ये टोबागी व क्लाइनरॉक यांनी दुसरी अडचण दाखवून दिली : ज्या दोन यंत्रांना एकमेकांचे ऐकू येत नाही, पण ज्यांचे बोलणे तिसऱ्याला ऐकू येते, ती दोघे हवा मोकळी आहे असे समजून एकाच वेळी बोलतात. ‘लपलेले टर्मिनल’ या नावाने हा दोष प्रसिद्ध आहे. लांबच्या वर्गखोल्या व मधल्या जाड भिंती असलेल्या इमारतींत तो आजही हटकून आढळतो.

प्रमाणके व दोन पट्टे : अमेरिकेत १९८५ मध्ये काही कंप्रता परवान्यावाचून वापरण्यास मुभा मिळाली आणि बाजारात बिनतारी जाळ्यांची साधने येऊ लागली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅलेक्स हिल्स यांनी १९९३ पासून ‘वायरलेस अँड्रू’ हे संपूर्ण विद्यापीठभर पसरणारे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. अ‍ॅक्सेस पॉइंट कोठे बसवावा हे नकाशावरून ठरविता येत नाही, हा या कामातील पहिला धडा होय. पुढे हिल्स यांनी चाकांच्या गाडीवर संगणक ठेवून, ती प्रत्येक दालनातून ढकलत नेऊन संकेताची तीव्रता नोंदविणारे साधनच बनविले. मोठ्या जाळ्यातील दोषांपैकी बराच मोठा भाग उभारणीच्या वेळी ही पायपीट टाळल्यामुळे निर्माण होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये ८०२·११ हे प्रमाणक प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये त्यास दोन पुरवण्या जोडल्या गेल्या. ‘बी’ ही २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात सेकंदाला ११ मेगाबिट वेग देणारी होती, तर ‘ए’ ही ५ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात ५४ मेगाबिट देणारी. स्वस्त असलेल्या ‘बी’ने बाजार जिंकला. २००३ पासून बहुतेक लॅपटॉपांत वाय-फाय अंगभूत येऊ लागले आणि २००९ च्या ‘एन’ पुरवणीने दोन्ही पट्टे एकाच साधनात आणले. द्विपट्ट जाळ्यांचा खरा प्रसार त्यानंतरचा आहे.

दोन पट्टे ही सोयही आहे व दोषाचे कारणही. २·४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात तेरा वाहिन्या असल्या, तरी त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. निर्वेध अशा तीनच : सामान्यतः पहिली, सहावी व अकरावी. ब्लूटूथ साधने व मायक्रोवेव्ह भट्ट्या याच पट्ट्यात गोंगाट करतात. ५ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा रुंद व तुलनेने शांत असतो. परंतु तेथील तरंग भिंतींत अधिक लवकर क्षीण होतात आणि मोकळ्या जागेतही, समान अंतरावर व समान अँटेना असता, सु. ७ डेसिबेल म्हणजे सुमारे पाचपट कमी शक्ती ग्राहीपर्यंत पोहोचते. जुन्या अचलपुरातील विटामातीच्या जाड भिंतींच्या वाड्यांत एका दालनातील ५ गिगॅहर्ट्‌झचा संकेत पलीकडच्या दालनात जेमतेम पोहोचावा, हे साहजिक आहे. वऱ्हाडी उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला पत्र्याचा कूलर व त्याची ओली खसताटी हा आणखी एक अडथळा; फेब्रुवारीत उत्तम चालणारी जोडणी एप्रिलमध्ये बिघडली, तर राउटर बदलण्यापूर्वी खिडकीकडे पाहणे श्रेयस्कर.

लॅपटॉपने कोणता पट्टा व कोणता अ‍ॅक्सेस पॉइंट निवडावा, हा निर्णय मूळ प्रमाणकाने लॅपटॉपकडेच ठेवला. या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले. ग्रंथालयात जोडलेला लॅपटॉप घेऊन विद्यार्थी प्रयोगशाळेत गेला, तरी ते यंत्र ग्रंथालयाच्या क्षीण संकेताला चिकटून राहते आणि डोक्यावरील अ‍ॅक्सेस पॉइंट मोकळा पडतो. ‘के’ व ‘आर’ (२००८) आणि ‘व्ही’ (२०११) या पुरवण्यांनी जाळ्याला सल्ला देण्याचा अधिकार दिला. तो मानणे न मानणे बहुतांशी लॅपटॉपच्याच हाती राहिले. नाइलाजाने काही जाळी लॅपटॉपला ५ गिगॅहर्ट्‌झकडे वळविण्यासाठी २·४ वरील त्याच्या हाकेस मुद्दाम उत्तर देत नाहीत. जुन्या, केवळ २·४ वर चालणाऱ्या यंत्राच्या वाट्याला कधीकधी हे मौन येते आणि ते बिचारे बिघडले आहे असे ठरविले जाते.

भारतातील नियमन : १८८५ चा भारतीय तार अधिनियम व १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनुसार रेडिओ प्रेषक बाळगण्यास परवाना आवश्यक होता. २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा इमारतीबाहेरील वापरासाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगॅहर्ट्‌झच्या काही भागांना त्याच वर्षी केवळ इमारतीच्या आतील वापरापुरती मुभा मिळाली. त्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा भाग बाहेरील वापरासाठीही खुला होण्यास ऑक्टोबर २०१८ उजाडावे लागले. देशोदेशींच्या नियमांतील अशा फरकांमुळे एक चमत्कारिक दोष उद्‌भवतो. अमेरिकेत विकला जाणारा लॅपटॉप बहुधा पहिल्या अकरा वाहिन्यांपुरताच बांधलेला असतो. भारतात अ‍ॅक्सेस पॉइंट बाराव्या वा तेराव्या वाहिनीवर गेला की परदेशातील मुलाने आईवडिलांसाठी आणलेल्या लॅपटॉपला घरचेच जाळे दिसेनासे होते. शेजारच्या यंत्राला मात्र ते स्वच्छ दिसत असते.

नियमनाचा दुसरा टप्पा महाराष्ट्रातील घटनांनी घडविला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बाँबस्फोटांच्या वेळी पाठविलेली धमकीची ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका असुरक्षित घरगुती वाय-फाय जोडणीतून गेल्याचे उघड झाले. नंतरच्या दोन महिन्यांत माटुंगा व चेंबूर येथील जोडण्यांचा असाच गैरवापर झाला. जोडणीचे मालक या कृत्यांशी असंबद्ध होते. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी व वापरणाऱ्याची ओळख पटविण्याविषयी सूचना काढल्या. सार्वजनिक जाळ्यांत भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा संकेतांक भरण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ओळख पटविण्याचे पान लॅपटॉपवर न उघडणे हा तक्रारीचा एक नवा व विपुल प्रकार तेव्हापासून निर्माण झाला. ज्या खेड्यात भ्रमणध्वनीचा संकेतच पोहोचत नाही, तेथे संकेतांक येणार कोठून, हा प्रश्न नियम करणाऱ्यांच्या फारसा ध्यानात आलेला दिसत नाही.

दोषांची साखळी : मोठ्या जाळ्यास जोडले जाताना लॅपटॉप काही पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चढतो. प्रथम तो जाळ्याची हाक ऐकतो. मग अ‍ॅक्सेस पॉइंटशी संलग्न होतो. त्यानंतर मध्यवर्ती संगणकाकडून त्याची ओळख तपासली जाते. पुढे त्यास अंकीय पत्ता मिळतो. मग संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधला जातो आणि शेवटी बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा दुवा उपयोगात येतो. अनुभवी दोषशोधक लॅपटॉप कोणत्या पायरीवर थांबला, हे प्रथम पाहतो. जाळ्याचे नावच दिसत नसेल, तर प्रश्न संकेताचा, वाहिनीचा किंवा पट्ट्याचा असतो. नाव दिसते पण प्रवेश मिळत नाही, अशा वेळी सांकेतिक शब्दाइतकाच संशय लॅपटॉपच्या घड्याळावर घ्यावा लागतो : आतील लहान विद्युत् घट संपून तारीख काही वर्षे मागे गेली असेल, तर जाळ्याचे प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते व तो स्वतःच माघार घेतो.

प्रवेश मिळाला, पण लॅपटॉपवर १६९·२५४ या अंकांनी सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर जाळ्याने पत्ता दिलेला नाही व यंत्राने तो स्वतःच घेतला आहे, असे निश्चित समजावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हे नेहमी घडते. लहान रचनेत वाटण्यासाठी २५४ पत्ते असतात. वीज परत येताच सर्व यंत्रे एकदम मागणी करतात आणि आधीच्या, आता निघून गेलेल्या यंत्रांच्या नावे काही पत्ते अडकलेले असतात. अलीकडील लॅपटॉप व भ्रमणध्वनी खाजगीपणासाठी आपला यंत्रक्रमांक बदलत राहत असल्यामुळे ही टंचाई आणखी वाढते. उपाय साधा असतो : पत्ता देण्याची मुदत कमी करणे किंवा पत्त्यांचा संच वाढविणे. तो न सुचल्यास मात्र नवे अ‍ॅक्सेस पॉइंट विकत घेतले जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

या साखळीचा शास्त्रीय अभ्यास एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. अतुल आद्य, परमवीर बहल, रणवीर चंद्रा व लिली च्यू यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तुटलेला लॅपटॉप शेजारच्या जोडलेल्या लॅपटॉपमार्फत आपली अडचण मध्यवर्ती संगणकास कळवू शकत असे. ज्याचे तोंडच बंद झाले आहे त्याच्याकडून तक्रार कशी घ्यावयाची, या कूटप्रश्नाचे ते सुंदर उत्तर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत २००६ मध्ये एका इमारतीत दीडशेहून अधिक रेडिओ-ग्राही बसवून हवेतील सर्व संवाद एकत्र जुळविण्यात आला. अशा अभ्यासांतून एका दोषामागे एकच कारण क्वचितच असते, हे स्पष्ट झाले.

भारतीय संशोधकांनी यात मोलाची भर घातली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने गंगेच्या मैदानात खेडी जोडण्यासाठी घरगुती वाय-फाय साधनेच उंच मनोऱ्यांवर चढवून लांब पल्ल्याचे दुवे उभारले. कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन व सायनदीप सेन यांनी २००६ मध्ये या दुव्यांची मापने प्रसिद्ध केली. असे दुवे लहरी असतात हा समज त्यांनी खोडून काढला. संकेत पुरेसा असेल, तर दुवा अपेक्षेप्रमाणे चालतो आणि संदेश गमावले जाण्याचे मुख्य कारण त्याच पट्ट्यातील इतर साधनांचे व्यतिकरण हे असते, असे त्यांस आढळले. चेब्रोलू व रामन यांनी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केले.

मेळघाटचा प्रयोग : डोंगराळ भागासाठी वाय-फायचे दोन्ही पट्टे अपुरे पडतात, म्हणून दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील न वापरलेल्या वाहिन्यांकडे लक्ष गेले. हे दीर्घ तरंग झाडी व लहान उंचवटे अधिक सहजपणे ओलांडतात. मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेत अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, ४७०–५९० मेगॅहर्ट्‌झमधील पंधरा वाहिन्यांपैकी किमान बारा देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत. या संशोधनावर आधारित प्रयोग पालघर जिल्ह्यातील खेड्यांत झाले. या रचनेत गावापर्यंतचा दुवा दूरचित्रवाणीच्या पट्ट्यात आणि गावातील वापर २·४ गिगॅहर्ट्‌झच्या वाय-फायवर असा निराळ्या अर्थाने द्विपट्ट असतो. मात्र शासनाने या पट्ट्यासाठी प्रायोगिक परवाने दिले. सर्वसाधारण मुभा दिली नाही.

याच सुमारास, २०१५–१६ मध्ये, राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या सहकार्याने धारणी तालुक्यातील हरिसाल हे कोरकू वस्तीचे गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडण्यात आले. दूरवैद्यक, शाळेतील संगणक-शिक्षण व शासकीय सेवा बिनतारी जोडणीने गावात आणण्याचा संकल्प होता. बालमृत्यू व कुपोषण यांमुळे देशभर ज्याचे नाव झाले, त्या मेळघाटात दूरच्या डॉक्टरशी बोलता येणे हे किती मोलाचे, हे वेगळे सांगावयास नको. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात हरिसालच्या प्रत्यक्ष स्थितीवरून राज्यभर वाद झाला आणि जोडणी अनियमित असल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. वाद राजकीय असल्याने ‘चालते’ व ‘चालत नाही’ अशा दोनच उत्तरांत तो अडकला. नेमका कोणता दुवा तुटतो, हा तांत्रिक प्रश्न मागेच पडला.

लॅपटॉपवर संकेताची तीव्रता दाखविणारे पट्ट्यांचे चिन्ह हे जवळच्या अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंतच्या पहिल्या दुव्याचेच माप असते. मेळघाटातील गावात हे चिन्ह पूर्ण भरलेले असूनही मनोऱ्यापासून पुढचा दुवा, परतवाड्याकडून येणारी प्रकाशतंतूची तार किंवा मनोऱ्याचा वीजपुरवठा यांपैकी काहीही बंद असू शकते. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यास चिन्ह भरलेले दिसते आणि गावकऱ्यास नेट मिळत नाही; दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. मार्च २०२० नंतर शाळा बंद होऊन शिक्षण इंटरनेटवर गेले, तेव्हा डोंगरपट्ट्यातील अनेक मुलांच्या गैरहजेरीचे कारण असेच साखळीत कोठेतरी दडलेले होते, आणि हजेरीपत्रकात त्यासाठी वेगळा रकाना नव्हता. मोठ्या शहरांतील जाळ्यांत प्रत्येक दुव्याची स्थिती क्षणोक्षणी आपोआप नोंदविली जाते. टोकाच्या गावांत अशी नोंद ठेवावयाची, तर ती दुव्याच्या अलीकडे, म्हणजे गावातच साठवावी लागते, कारण दुवा तुटल्यावर ती बाहेर पाठविता येत नाही. त्यासाठी लागणारा लहान संगणक व सौर घट यांचा खर्च एका अ‍ॅक्सेस पॉइंटहून फारसा अधिक नसतो.